प्रवाळ पांढरं पडतं म्हणजे त्याच्या घरातून नेमकं कोण निघून जातं?

समुद्राखालच्या रील्स बघताना दोन प्रकारची प्रवाळं हमखास समोर येतात. एक पांढरंफटक, कुणीतरी चुना लावून ठेवल्यासारखं. दुसरं निऑन जांभळं, गुलाबी किंवा पिवळं, इतकं भडक की फिल्टर मारलाय की काय अशी शंका यावी. पहिल्याखाली लोक रडणाऱ्या इमोजी टाकतात आणि 'मेलं बिचारं' म्हणून पुढे सरकतात. दुसऱ्याखाली 'निसर्गाची किमया' वगैरे लिहिलेलं असतं.

दोन्ही ठिकाणी अंदाज चुकलेला असण्याची शक्यता बरीच आहे. पांढरं प्रवाळ बऱ्याचदा जिवंत असतं, फक्त उपाशी असतं. आणि ते निऑन रंगाचं प्रवाळ तब्येत बिघडल्यामुळेच तसं दिसत असू शकतं. दोघांची अडचण एकच आहे: त्यांच्या अंगात राहणारे सूक्ष्मजीव त्यांना सोडून गेलेत.

हे सूक्ष्मजीव कोण, ते का जातात, गेले तर परत येतात का आणि या सगळ्याचा आपल्या मालवणशी काय संबंध, ते बघू.

प्रवाळ म्हणजे प्राणी, झाड की दगड?

उत्तर आहे प्राणी. पण उरलेले दोन पर्यायही अगदीच चूक नाहीत.

प्रवाळ हा जेलीफिशच्या नात्यातला जीव. त्याच्या एका जीवाला पॉलिप म्हणतात. बहुतेक प्रजातींत तो काही मिलिमीटरचाच असतो. एक पिशवीसारखं पोट, वर तोंड आणि तोंडाभोवती हलणारे नाजूक हात, एवढाच त्याचा पसारा. असे हजारो पॉलिप एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि स्वतःखाली चुनखडीचा सांगाडा रचत जातात. हा झाला दगड.

झाडाचा भाग त्याहून भारी आहे. पॉलिपच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. शेजारी नाही, अंगावर चिकटूनही नाही, थेट पेशींच्या आत. शास्त्रज्ञ त्याला झूझँथेली म्हणतात, आपण सरळ शैवाल म्हणू. प्रवाळाच्या एका चौरस सेंटीमीटर पृष्ठभागात, म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, हे शैवाल दहा लाखांच्या घरात असू शकतं.

हे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं ९० टक्क्यांपर्यंत अन्न घरमालकाला, म्हणजे प्रवाळाला देऊन टाकतं. बदल्यात त्याला राहायला सुरक्षित जागा मिळते आणि प्रवाळाच्या शरीरातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, फॉस्फरस हे सगळं खत म्हणून मिळतं. एकाचा कचरा ही दुसऱ्याची शिधासामग्री. शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार हा करार सुमारे १६ कोटी वर्षांपासून चालू आहे. तेव्हा जमिनीवर डायनासोर फिरत होते.

यातून एक जुनं कोडंही सुटतं. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये प्रवाळभित्तींवर पुस्तक लिहिलं. उष्ण कटिबंधातल्या निळ्याशार, नितळ समुद्रात पोषकद्रव्यं फारच कमी असतात, जवळजवळ वाळवंटच म्हणा ना. मग त्यात प्रवाळभित्तीसारखं गजबजलेलं शहर कसं काय उभं राहतं? हा प्रश्न आजही 'डार्विनचं कोडं' या नावाने ओळखला जातो. त्याच्या उत्तराचा मोठा भाग या करारात आहे. बाहेरून फारसं काही येत नाही, पण आतल्या आत काहीच वाया जात नाही. त्यामुळे समुद्रतळाचा १ टक्क्याहून कमी भाग व्यापणाऱ्या प्रवाळभित्ती सागरी जीवांच्या सुमारे पाव हिश्श्याला कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर आसरा देतात.

आता रंगाचं. प्रवाळाच्या तपकिरी, हिरवट, सोनेरी छटा या मुख्यतः शैवालाच्या असतात. प्रवाळाचं स्वतःचं मांस जवळजवळ पारदर्शक. शैवाल गेलं की त्या पारदर्शक मांसातून खालचा चुनखडीचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. म्हणजे प्रवाळ पांढरं 'होत' नाही, ते आधीपासून पांढरंच असतं, रंग भाडेकरूचा होता.

(जाता जाता: अंगठीत घालतात ते लाल पोवळं या गोष्टीत येत नाही. ते भूमध्य समुद्राच्या कमी उजेडाच्या भागात वाढणारं वेगळं प्रवाळ. त्याच्यात हे शैवाल नसतंच. त्याचा लाल रंग थेट सांगाड्यात असतो, म्हणून तर दागिना करता येतो.)

मग १६ कोटी वर्षांचा संसार मोडतो कशामुळे?

मुख्य कारण उष्णता. आणि फार नाही. एखाद्या ठिकाणच्या नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी फक्त १ अंश सेल्सिअसने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी करार तुटायला सुरुवात होते.

का? पाणी तापलं की शैवालाची अन्न तयार करणारी यंत्रणा बिघडते. ऊन तर पडतच असतं, ते थांबत नाही. मग त्या अर्धवट बिघडलेल्या यंत्रणेतून ऑक्सिजनची अतिशय दाहक रूपं तयार व्हायला लागतात. ती प्रवाळाच्या पेशींनाही जाळतात. जो भाडेकरू काल जेवण देत होता तोच आता घराला आग लावतोय, अशी परिस्थिती येते. प्रवाळ मग शैवालाला बाहेर काढतं, किंवा शैवाल भरलेल्या पेशीच झडून जातात.

बरीच वर्षं गोष्ट इथूनच सुरू होते असं मानलं जायचं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने ती थोडी मागे नेली. पाणी तापायला लागलं की प्रवाळाचं शरीर जास्त वेगाने चालतं, त्याला जास्त ऊर्जा लागते, ते स्वतःची प्रथिनं जाळायला लागतं. त्यातून नायट्रोजनचा जास्तीचा कचरा तयार होतो. तो खाऊन शैवाल स्वतःच फोफावतं आणि साखर प्रवाळाला देण्याऐवजी स्वतःकडे ठेवायला लागतं. म्हणजे बाहेरून प्रवाळ अजून तपकिरी, ठणठणीत दिसत असतं, पण आत जेवणाचा डबा येणं आधीच बंद झालेलं असतं. पांढरा रंग ही या भांडणाची सुरुवात नाही, ती आपल्याला उशिरा कळलेली बातमी आहे.

हा प्रकार आजचाही नाही. १९२८-२९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत मॉरिस यंग या शास्त्रज्ञाने उन्हाळ्यातल्या तापलेल्या पाण्यात प्रवाळं शैवाल गमावतात हे पाहून नोंदवून ठेवलं होतं. पण तेव्हा ते स्थानिक पातळीवरचं होतं. संपूर्ण जगभर एकाच काळात प्रवाळं पांढरी पडण्याची पहिली मोठी घटना १९९८ ची.

आणि ते निऑन रंगाचं काय?

शैवाल निघून गेल्यावर प्रवाळाच्या आत उजेड वाढतो, कारण पांढरा सांगाडा तो परत फेकतो. एवढ्या उजेडात शैवालाला परत यायला नको वाटतं. काही प्रवाळं यावर उपाय म्हणून स्वतःची रंगद्रव्यं जास्त प्रमाणात बनवतात, ती सनस्क्रीनसारखी काम करतात. गुलाबी, जांभळे, निळे चकाकते रंग येतात ते यातून. ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचा उलगडा केला.

म्हणून असा फोटो दिसला तर ती 'भाडेकरू हवा आहे' अशी पाटी समजा. यात थोडी आशाही आहे. रंगद्रव्य बनवण्याइतकी ताकद त्या प्रवाळात अजून शिल्लक असते.

उपाशी प्रवाळ किती दिवस तग धरतं?

हा खरा कळीचा प्रश्न. शैवाल गेलं तरी प्रवाळ लगेच मरत नाही. ते हातांनी पाण्यातले बारीक जीव पकडून खाऊ शकतं, अंगातली चरबी जाळून काही काळ जगू शकतं. पाणी काही आठवड्यांत थंड झालं तर अंगात उरलेलं थोडंफार शैवाल पुन्हा वाढतं, किंवा बाहेरच्या पाण्यातून नवीन शैवाल येऊन राहतं. रंग परत येतो. पण पाणी तापलेलंच राहिलं तर प्रवाळ उपासमारीने किंवा रोगाने मरतं, आणि मग त्या सांगाड्यावर दुसरंच, गवतासारखं शैवाल उगवतं. ते दिसलं की समजायचं, संपलं.

हे घड्याळ मोजायला अमेरिकेची नोआ ही संस्था एक साधा हिशोब वापरते. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी किती अंश जास्त आणि किती आठवडे, यांचा गुणाकार. १ अंश जास्त आणि ४ आठवडे, म्हणजे ४. २ अंश जास्त आणि २ आठवडे, तरीही ४. शेवटच्या १२ आठवड्यांची बेरीज ४ झाली की मोठ्या प्रमाणावर ब्लीचिंगची शक्यता, ८ झाली की प्रवाळं मरायला लागतात. बरीच वर्षं हा तक्ता इथेच संपायचा. पण २०२३ मध्ये कॅरिबियन समुद्र आणि आसपासचं पाणी इतकं तापलं, की त्या वर्षाच्या शेवटी नोआला तक्त्यात आणखी तीन वरच्या पायऱ्या जोडाव्या लागल्या. सगळ्यात वरची पायरी २० किंवा त्याहून जास्त.

एप्रिल २०२४ मध्ये नोआने जागतिक ब्लीचिंगची चौथी घटना जाहीर केली. जानेवारी २०२३ पासूनच्या दोन-सव्वादोन वर्षांत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला ब्लीचिंग होईल इतकी उष्णता सोसावी लागली. आतापर्यंतची ही सर्वांत व्यापक घटना.

भारतात याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे लक्षद्वीप. ही बेटं प्रवाळांवरच उभी आहेत आणि समुद्रापासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहेत. लाटांचा जोर बाहेरच्या प्रवाळभित्तीवर मोडतो, म्हणून आत वस्ती करता येते. टुना पकडायला लागणारे आमिषाचे छोटे मासेही याच उथळ खाजणात, प्रवाळांच्या आसऱ्याने मिळतात. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे संशोधक इथल्या अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांवर १९९८ पासून मोजणी करतायत. १९९८ मध्ये जिवंत प्रवाळाचं प्रमाण सुमारे ३७ टक्के होतं. २०२२ पर्यंत ते २० टक्क्यांच्या आत आलं. मधल्या काळात १९९८, २०१० आणि २०१६ अशा तीन मोठ्या उष्णतेच्या लाटा येऊन गेल्या. या प्रवाळांना सावरता येत नाही असं नाही. सावरायला ओळीने काही शांत वर्षं लागतात आणि तीच मिळेनाशी झालीत. त्यात २०२४ मध्ये लक्षद्वीप पुन्हा तापलं.

फक्त प्रवाळच असं जगतं का?

अजिबात नाही. समुद्रात असे भाडेकरार जिकडेतिकडे आहेत, आपल्याला त्यातले थोडेच माहीत आहेत.

१९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रात गरम पाण्याच्या झऱ्यांशी माणसापेक्षाही लांब वाढणाऱ्या नळीकृमींचं रान सापडलं. या कृमींना तोंड नाही, पोट नाही. मग ते खातात काय? काही वर्षं कुणालाच सांगता येईना. हार्वर्डमध्ये शिकणारी कॉलीन कॅव्हॅना नावाची विद्यार्थिनी एका व्याख्यानात बसली होती. वक्ते म्हणाले, या कृमींच्या अंगात गंधकाचे स्फटिक सापडले. ती उभी राहिली आणि म्हणाली, म्हणजे यांच्या आत गंधकावर जगणारे जिवाणू असणार! १९८१ मध्ये तिचं म्हणणं शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झालं आणि बरोबर निघालं. सूर्य जिथे पोहोचतच नाही तिथे जिवाणू रसायनांवर अन्न बनवतात आणि कृमी त्यावर जगतो.

आपल्या हिंदी महासागरातल्या झऱ्यांपाशीही असाच एक जीव आहे, पायांवर लोहयुक्त खवले असलेली गोगलगाय. तिचं पोटही घशाजवळच्या ग्रंथीत राहणारे जिवाणूच भरतात. समुद्रतळाच्या खाणकामामुळे धोका आहे म्हणून धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेली ती पहिली प्रजाती (२०१९). अशा झऱ्यांपाशी तांबं, जस्त, सोनं साचतं आणि ते शोधण्याचा करार भारतानेही २०१६ मध्ये केलाय. हा विषय वेगळ्या लेखाचा, म्हणून इथेच थांबतो.

समुद्री गवताची गोष्ट जमिनीवरच्या शेतीशी जुळते. ज्यांच्या घरी तूर, हरभरा किंवा भुईमूग पिकतो त्यांना मुळांवरच्या गाठी माहीत असतात. त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून पिकाला देतात. भूमध्य समुद्रातल्या एका समुद्री गवताच्या मुळांत अगदी हेच काम करणारे जिवाणू राहतात, असं जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं. आणखी एक तिहेरी करार असा: गवताखालच्या चिखलात विषारी सल्फाइड तयार होतं. तिथे राहणाऱ्या, आपल्या तिसऱ्यांसारख्या दिसणाऱ्या एका शिंपल्याच्या कल्ल्यांत जिवाणू असतात, ते हे सल्फाइड खाऊन शिंपल्याला पोसतात. गवत मुळांतून शिंपल्याला ऑक्सिजन पुरवतं. तिघांतला एक जरी गळला तरी कुरण मरायला लागतं. पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर २०११ मध्ये दुष्काळानंतर नेमकं असंच झालं.

आणि सगळ्यात भन्नाट गोष्ट २०२४ मधली. १९९८ मध्ये जोनाथन झेर या अमेरिकन शास्त्रज्ञाला प्रशांत महासागराच्या पाण्यात नायट्रोजन पकडणाऱ्या एका अनोळखी जिवाणूचा डीएनए सापडला. तो एका सूक्ष्म शैवालाच्या आत राहतो हे नंतर कळलं. पण ते शैवाल प्रयोगशाळेत जगेना. जपानच्या क्योको हागिनो यांनी तीनशेहून अधिक वेळा समुद्रातून पाणी आणून, दहापेक्षा जास्त वर्षं खर्चून ते वाढवून दाखवलं. मग समजलं की हा जिवाणू आता भाडेकरू राहिलाच नाही. शैवालाची पेशी दुभंगते तेव्हा तोही बरोबर दुभंगतो, स्वतःला लागणारी कितीतरी प्रथिनं घरमालकाकडूनच घेतो. तो पेशीचा अवयवच झालाय. त्याला 'नायट्रोप्लास्ट' हे नाव मिळालं. जीवसृष्टीच्या इतिहासात असं घडल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

चांगले सूक्ष्मजीव, वाईट सूक्ष्मजीव असं काही असतं का?

इथे जरा सांभाळून बोलायला हवं. 'व्हिब्रिओ' हे जिवाणूंचं घराणं घ्या. हवाईमधला एक अंगठ्याएवढा स्क्विड (कोकणातल्या म्हाकुलाचा लांबचा नातेवाईक) या घराण्यातल्या एका जिवाणूला पोटाखालच्या कप्प्यात पाळतो. जिवाणू रात्री प्रकाश देतो, त्यामुळे चंद्रप्रकाशात स्क्विडची सावली खालच्या शिकाऱ्याला दिसत नाही. रोज सकाळी स्क्विड यातले ९० टक्क्यांहून अधिक जिवाणू बाहेर टाकतो आणि उरलेल्यांपासून दिवसभरात नवी फौज उभी करतो. याच घराण्यातला दुसरा जिवाणू माणसाला कॉलरा देतो. तिसरा तापलेल्या पाण्यात आक्रमक होऊन प्रवाळाचं मांस विरघळवतो.

प्रवाळाच्या अंगावरही शैवालाशिवाय असंख्य जिवाणू असतात. त्याच्या अंगावरचा चिकट द्राव हे त्यांचं गाव. त्यातले काही रोगजंतूंना रोखतात, काही नायट्रोजन पकडतात, काही ती दाहक ऑक्सिजन रूपं निष्प्रभ करतात. उष्णता वाढली की या गावाची लोकसंख्या बदलते, उपयोगी मंडळी कमी होतात आणि संधिसाधू वाढतात. आपल्या पोटात अँटिबायोटिकनंतर होतं, साधारण तसंच.

मग प्रवाळाला दही-ताक द्यायचं का?

हसू नका, जवळजवळ हेच चालू आहे. राकेल पेशोतो या ब्राझिलियन शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी प्रवाळाच्या अंगावरचेच उपयोगी जिवाणू निवडून, वाढवून त्याला परत देतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात टाकीतल्या प्रवाळांना उष्णतेचा झटका दिला, तेव्हा जिवाणू दिलेल्या प्रवाळांची जगण्याची शक्यता ४० टक्क्यांनी वाढली. नंतर सौदी अरेबियात लाल समुद्रात पाणबुड्यांकरवी प्रत्यक्ष प्रवाळांवरही हे करून बघितलं गेलं. या उपयोगी जिवाणूंना शास्त्रज्ञांनी दिलेलं इंग्रजी लघुरूप आहे 'बीएमसी'. मुंबईकरांनी हवा तो अर्थ काढावा.

दुसरा मार्ग शैवालच बदलण्याचा. सगळं शैवाल सारखं नसतं. काही प्रकार १ ते १.५ अंश जास्त उष्णता सोसतात. पण ते सोसणारे प्रकार प्रवाळाला जेवण कमी देतात, त्यामुळे प्रवाळाची वाढ मंदावते. कणखर पण कंजूष भाडेकरू. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक नेहमीचं शैवाल चार वर्षं ३१ अंशांच्या पाण्यात वाढवून तयार केलं आणि २०२० मध्ये दाखवलं की प्रवाळाच्या पिल्लांना ते दिलं तर त्यातल्या काही वाणांमुळे उष्णता जास्त सोसते.

हे सगळं वाचायला छान वाटतं. माझं मत विचाराल तर यावर फार भिस्त ठेवू नये. एकेका प्रवाळापाशी पाणबुड्या पाठवून औषध देणं हे एखाद्या प्रयोगक्षेत्रात शक्य आहे, हजारो चौरस किलोमीटरवर नाही. शिवाय मूळ कारण तसंच राहतं. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने २०१८ मध्येच सांगितलंय: तापमानवाढ १.५ अंशांवर थांबली तरी उष्ण कटिबंधातली ७० ते ९० टक्के प्रवाळं जातील, २ अंशांवर गेली तर ९९ टक्क्यांहून जास्त.

मग स्थानिक पातळीवर करण्यासारखं काहीच नाही का?

आहे, आणि त्याचा पुरावा प्रशांत महासागरातल्या किरितिमाती या बेटाने दिलाय. २०१५-१६ च्या एल निनोमध्ये तिथलं पाणी तब्बल दहा महिने तापलेलं होतं. प्रवाळं पांढरी पडली. पण पाणी गरम असतानाच काही प्रवाळांना पुन्हा रंग यायला लागला! त्यांनी जुनं, उष्णता न सोसणारं शैवाल टाकून दुसरं, काटक शैवाल घेतलं होतं. करार मोडला नाही, भाडेकरू बदलला. हे सगळीकडे झालं नाही. जिथे वस्ती, सांडपाणी, गाळ यांचा त्रास कमी होता, तिथेच ते दिसलं. ज्युलिया बॉम यांच्या गटाचं हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे समुद्राचं तापमान बेटावरच्या लोकांच्या हातात नव्हतं, पण प्रवाळाला सावरण्याची संधी मिळणं, न मिळणं काही अंशी त्यांच्या हातात होतं.

आता मालवणकडे येऊ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. इथली प्रवाळं लक्षद्वीपसारखी ऐसपैस नाहीत, खडकांवर तुकड्यातुकड्यांनी आहेत. दर पावसाळ्यात खाड्यांमधून येणारं गढूळ पाणी सोसून ती टिकलीत, हेच मुळात कौतुकाचं. २०१४ च्या मे महिन्यात ती पांढरी पडल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केली. २०२० मध्ये त्यांनीच आणखी एक गोष्ट मांडली: पर्यटकांच्या स्नॉर्कलिंग-डायव्हिंगमुळे इथली प्रवाळं तुटतायत. प्रवाळावर उभं राहणं, हाताने धरणं, पायाचा धक्का लागणं, वरून होडीचा नांगर पडणं. तुटलेल्या जागी जखम होते, तिथे रोगजंतू शिरतात, आणि त्यातच पाणी तापलं तर आधीच उपाशी असलेल्या जीवाला जखमही भरावी लागते.

स्नॉर्कलिंगमुळे तिथल्या कितीतरी घरांची चूल पेटते. त्यामुळे सरसकट बंदी घाला असं म्हणणं सोपं आहे, बरोबर नाही. होडी बांधायला ठरलेले तरंगते बोये, एका वेळी किती माणसं उतरणार याची मर्यादा आणि पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटांची नीट सूचना, एवढ्यानेही फरक पडतो.

तुम्ही जाणार असाल तर लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. दम लागला तर लाइफ जॅकेटवर तरंगा, 'दगडावर' पाय टेकू नका, कारण तो बहुधा दगड नसतो. फोटोसाठी मासे जमवायला ब्रेड-बिस्किटं टाकू नका, तसं करायला कुणी सांगितलं तर नको म्हणा. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणू नका: वन्यजीव संरक्षण कायद्यात भित्ती बांधणारी प्रवाळं वाघाबरोबर पहिल्या परिशिष्टात आहेत, मेलेला तुकडा बाळगणंही गुन्हा ठरू शकतं. पांढरं किंवा निऑन प्रवाळ दिसलं तर फोटो काढा, पोस्ट करताना तारीख आणि जागा लिहा. संशोधकांना अशा फोटोंचा उपयोग होतो, फिल्टर लावलेल्यांचा होत नाही.

पाणी किती तापलंय हेही घरबसल्या बघता येतं. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहांच्या मदतीने अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, कच्छचं आखात आणि मन्नारचं आखात इथल्या ब्लीचिंगच्या धोक्याचे इशारे आपल्या वेबसाइटवर देते. हिशोब तोच, वर सांगितलेला अंश गुणिले आठवडे. अरबी समुद्र सगळ्यात जास्त तापतो तो पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये. शाळांना सुट्ट्या लागतात आणि मालवणला सगळ्यात जास्त गर्दी होते, तीही नेमकी याच दिवसांत.